घंटा, घड्याळ आणि प्रार्थना

(द्वितीय वर्ष, कला)

‘वेळच मिळत नाही हो!’ हे वाक्य आज लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. प्राध्यापकांना अभ्यासक्रम पुरा करायला वेळ मिळत नाही, विद्यार्थ्यांना तो वाचायला मिळत नाही, आणि ग्रंथालयातली चांगली चांगली पुस्तके कपाटातून आपल्याकडे पाहत राहतात. मग देवासाठी वेळ काढणे तर दूरच राहिले. माझ्या वर्गातील एका मैत्रिणीने मला एकदा सहज विचारले, ‘तुम्ही ख्रिस्ती लोक रविवारी चर्चला जाता, पण बाकीच्या सहा दिवसांचे काय? तुमच्यात रोजचे काही असते का?’ प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्याजोगे नव्हते. कारण हाच प्रश्न सध्या आमच्या घरातही आहे. म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आमच्या घरची अडचण

आमचे घर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका लहान गावात आहे. २०२४ पर्यंत या जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केले. तेव्हापासून या भागातल्या खेड्यापाड्यांत ख्रिस्ती वस्त्या आहेत. त्यांतलीच एक आमची. वडील साखर कारखान्यावर हंगामी कामगार आहेत, आई रोजंदारीने शेतावर जाते, आणि दादा एम.आय.डी.सी.त पाळीने कामाला आहे. आजीला अक्षरओळख नाही. आई चौथीपर्यंत शिकली. कॉलेजात पाऊल टाकणारी घरातली पहिली मीच.

आमच्याकडे ‘कुटुंबप्रार्थना’ म्हणून एक रीत आहे. दिवेलागणीला घरातली सगळी माणसे एकत्र बसतात. एक गीत म्हणायचे, पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचा, मग एकाने प्रार्थना करायची आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटांचे काम. मी तिसरीत असल्यापासून शास्त्रपाठ वाचण्याचे काम माझ्याकडे आले, कारण घरात न अडखळता वाचणारी मीच होते. पण मी कॉलेजला जाऊ लागले, दादाची दुसरी पाळी सुरू झाली, आणि साखरेच्या हंगामात वडिलांची रात्रपाळी. सात वाजता घरी कोण? तर आजी आणि चूल. वाचणारी मी एस.टी.त, आणि पुस्तक कोनाड्यात. ज्या शिक्षणासाठी आईने एवढे कष्ट उपसले, त्याच शिक्षणाने घरातली प्रार्थना बंद पडायची का, हा विचार माझ्या मनाला लागून राहिला.

म्हणून मी आमच्या पाळकसाहेबांना विचारले, ग्रंथालयातली काही पुस्तके चाळली, आणि जे हाती लागले ते क्रमाने मांडत आहे.

प्रार्थना म्हणजे नेमके काय?

प्रथम हे स्पष्ट करायला हवे की ख्रिस्ती माणसाची प्रार्थना म्हणजे देवाशी केलेले बोलणे. तिला विशिष्ट भाषा लागत नाही, विशिष्ट दिशा लागत नाही, साहित्य लागत नाही. शब्बाथ शाळेत आम्हांला प्रार्थनेचे चार भाग शिकवीत: देवाची स्तुती, आपल्या चुकांची कबुली, मिळालेल्या गोष्टींबद्दल उपकारस्तुती, आणि मागणे. मागण्यातही आधी दुसऱ्यांसाठी, मग स्वतःसाठी. दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेला ‘मध्यस्थी’ असा सुंदर शब्द आहे.

शिष्यांनी येशूला विचारले होते की आम्हांला प्रार्थना करायला शिकवा. त्यावर त्याने जी प्रार्थना शिकवली ती मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत आहे. तिलाच आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणतो. ती इतकी लहान आहे की सावकाश म्हटली तरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपते. तेवढ्यात देवाचे नाव, त्याचे राज्य, रोजची भाकर, क्षमा आणि संकटातून सुटका इतके सारे येऊन जाते. त्याच ठिकाणी येशूने एक इशारा दिला आहे. पुष्कळ शब्द बोलल्याने देव ऐकतो असे समजू नका, असा त्याचा आशय आहे. वेळ नसणाऱ्यांना हा मोठाच दिलासा म्हटला पाहिजे.

मग अडचण कुठे येते? अडचण अशी की आम्हा प्रॉटेस्टंट मंडळींत प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळांचे बंधन नाही. मुसलमान बांधवांना पाच वेळच्या नमाजाची शिस्त आहे. कॅथोलिक पंथात धर्मगुरूंना आणि मठवासीयांना दिवसाच्या ठरावीक प्रहरी प्रार्थना म्हणाव्या लागतात. आम्हांला मात्र केव्हाही प्रार्थना करण्याची मोकळीक आहे. आणि जे काम केव्हाही करता येते, ते बहुधा कधीच होत नाही, हा अनुभव परीक्षेच्या तयारीवरून आपल्या सर्वांनाच आहे!

घंटेचे घड्याळ

प्राचीन काळी मात्र प्रार्थना आणि वेळ यांची घट्ट सांगड होती. यहुदी लोकांच्या मंदिरात सकाळ-संध्याकाळ अर्पण होत असे. स्तोत्रसंहितेतील एका स्तोत्रात सांज, सकाळ आणि दुपार अशा तीन वेळांचा उल्लेख आहे, तर दुसऱ्या एका स्तोत्रात दिवसातून सात वेळा स्तुती करण्याचा. दानीएल हा तर राज्यातील तीन मुख्य अधिकाऱ्यांपैकी एक. कामाचा व्याप केवढा असेल! तरी तो दिवसातून तीनदा यरुशलेमेकडच्या खिडकीशी गुडघे टेकीत असे.

नव्या करारातही याच्या खुणा दिसतात. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र आणि योहान ‘नवव्या ताशी’ मंदिरात जातात. त्या काळी तास सूर्योदयापासून मोजीत, म्हणजे ही आपली दुपारी तीनची वेळ. आणखी एका ठिकाणी पेत्र ‘सहाव्या ताशी’, म्हणजे भर दुपारी बारा वाजता, घराच्या धाब्यावर प्रार्थनेला चढतो. तेवढ्यात त्याला भूक लागते आणि खाली स्वयंपाक चाललेला असतो, असेही तिथे नमूद आहे. मला हा उल्लेख फार आवडतो. पोट आणि प्रार्थना यांची ओढाताण प्रेषितांनाही चुकली नाही, हे त्यावरून समजते. पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेला ‘डिडाखे’ नावाचा एक छोटा ग्रंथ आहे. त्यातही प्रभूची प्रार्थना रोज तीन वेळा करावी असे सांगितले आहे.

पुढे सहाव्या शतकात इटलीमध्ये संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांनी दिवसाच्या सात आणि रात्रीची एक अशा आठ प्रार्थना ठरवून दिल्या. आठवड्यात दीडशेच्या दीडशे स्तोत्रे म्हणून व्हावीत अशी आखणी केली. पण त्याच नियमावलीत रोज काही तास अंगमेहनतीचे काम आणि काही तास वाचन हेही सक्तीचे आहे. आळस हा आत्म्याचा शत्रू आहे, असे त्यांचे मत होते. म्हणजे प्रार्थना करणाराने काम टाळावे, असा त्यांचा हेतू मुळीच नव्हता.

या आठ वेळा कळायच्या कशा? तर घंटेने. यांत्रिक घड्याळे युरोपात तेराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागली. घड्याळाला इंग्रजीत जो ‘क्लॉक’ शब्द आहे तो मुळात घंटा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. आपल्या मराठीतही ‘तास’ म्हणजे नुसती साठ मिनिटे नव्हेत. ठोका देण्याची धातूची थाळी हाही त्याचा अर्थ आहे. आपण आज ज्या घड्याळाकडे पाहून ‘वेळ नाही’ म्हणतो, त्याचे नातेच असे घंटेशी, म्हणजे थांबण्याच्या इशाऱ्याशी आहे.

मठाबाहेरच्या शेतकऱ्यांना आठ वेळा थांबणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी कॅथोलिक पंथात सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशा तीन घंटांची प्रथा रुळली. तिला ‘आंजेलस’ म्हणतात. आपल्याकडे गोवा आणि वसई भागातल्या ख्रिस्ती गावांना ती परिचित आहे. मिले या फ्रेंच चित्रकाराने १८५७ ते १८५९ या काळात याच नावाचे एक चित्र काढले. ते आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. मी त्याची छापील प्रतिकृती पाहिली आहे. बटाट्याच्या शेतात एक नवरा आणि एक बायको मान खाली घालून उभे आहेत. मातीत काट्याचे अवजार रोवलेले, पायाशी टोपली, मागे हातगाडी, आणि दूरवर चर्चचा मनोरा. हे चित्र मी आईला दाखवले तेव्हा ती म्हणाली, ‘यांची खुरपणी अजून उरलेली दिसते.’ मला वाटते, चित्राचा मर्म तिने बरोबर ओळखला. काम संपल्यावर ते थांबलेले नाहीत, काम अर्धे असताना थांबले आहेत.

हात कामात असताना

पण सर्वांनाच हातातले काम टाकता येते असे नाही. कंडक्टरने भर गर्दीत तिकिटे फाडणे थांबवून कसे चालेल? अशा माणसांसाठी दुसरी वाट आहे.

बायबलमध्ये नहेम्या नावाच्या माणसाची गोष्ट आहे. तो पारसाच्या राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमेचा तट पडून राहिला आहे, या दुःखाने त्याचा चेहरा उतरलेला पाहून राजाने विचारले, तुझे मागणे काय आहे? त्यावर नहेम्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि मग राजाला उत्तर दिले. राजाचा प्रश्न आणि त्याचे उत्तर यांच्यामध्ये कितीसा वेळ गेला असेल? एक श्वास, फार तर दोन. तोंडी परीक्षेला बसणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. मात्र त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात नहेम्याने कित्येक दिवस उपास आणि प्रार्थना केल्याचेही सांगितले आहे. आधीची मोठी प्रार्थना होती म्हणून ती एका श्वासाची प्रार्थना ऐन वेळी ओठांवर आली.

मार्टिन ल्यूथर यांनी १५३५ साली आपल्या न्हाव्यासाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. प्रार्थना कशी करावी, असे त्या न्हाव्याने त्यांना विचारले होते. ल्यूथर सांगतात की प्रार्थना हे सकाळचे पहिले आणि रात्रीचे शेवटचे काम असू द्यावे. ‘जरा थांब, आधी हे उरकतो, मग करतो’ अशा विचारापासून जपावे, कारण एकामागून एक कामे निघत जातात आणि प्रार्थना राहून जाते. त्यांनी उदाहरणही न्हाव्याचेच घेतले. चांगल्या न्हाव्याचे लक्ष वस्तऱ्यावर असते. तो इकडेतिकडे पाहत गप्पा मारू लागला तर गिऱ्हाइकाचा गळाच कापायचा! तसेच प्रार्थनेत मन पाहिजे.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे गृहस्थ होऊन गेले. आधी शिपाई, मग जखमी, मग मठातले आचारी. १६९१ साली ते वारले. त्यांची पत्रे आणि संभाषणे मृत्यूनंतर छापली गेली आणि आजही वाचली जातात. ठरलेली प्रार्थनेची वेळ आणि स्वयंपाकघरातली गडबडीची वेळ यांत आपल्याला फरक वाटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. भांडी घासताना, शिधा आणताना ते देवाशी मनातल्या मनात बोलत राहत.

महाराष्ट्राच्या मातीत

हे वाचून मराठी माणसाला नवल वाटणार नाही. दळण दळताना नाम घेणारी जनाबाई, मळ्यात राबणारे सावता महाराज आणि मडकी घडवणारे गोरोबाकाका आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांनी अभंगांतून आणि भजनांतून ख्रिस्ती प्रार्थनेला मराठी सूर दिला. आमच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची कितीतरी गीते आहेत. आजीला वाचता येत नाही, पण ही गीते तिला तोंडपाठ आहेत. शेळ्यांमागे जाताना ती ती गुणगुणते. पुस्तकावाचूनची ही प्रार्थना आमच्या घरी होतीच. मी पुस्तकी झाल्यामुळे तिची किंमत मला उशिरानेच कळली असती, पण या लेखाच्या निमित्ताने वेळेवर कळली.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. तरीही पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनी पूर्ण केले. ‘स्मृतिचित्रे’ तर मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) केडगावला ‘मुक्ती’ उभारली. दुष्काळात सापडलेल्या शेकडो स्त्रिया आणि मुली तिथे आल्या. शेती, विणकाम, छपाई अशी अनेक कामे तिथे चालत, आणि रोजची प्रार्थनाही चाले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्याची छपाई केडगावच्याच छापखान्यात झाली आणि ते त्यांच्या निधनानंतर १९२४ साली पूर्ण प्रसिद्ध झाले. इतके काम करणाऱ्या बाईला प्रार्थनेला वेळ कसा मिळे, असे आपण विचारतो. त्यांनी कदाचित आपल्याला उलटे विचारले असते, की प्रार्थनेवाचून इतके काम कसे झाले असते?

दिवसाचा हिशेब

आता व्यवहाराकडे वळू. अर्थशास्त्रात आपण जमाखर्च शिकतो. मी एक आठवडा माझ्या वेळेचा जमाखर्च एका वहीत मांडला. पहाटे पावणेपाचला उठणे, पाणी आणि भाकरी, साडेसहाची एस.टी.; साडेबारापर्यंत तास; दुपारी पाचपर्यंत झेरॉक्सच्या दुकानात काम; साडेसहा-सातला घरी; स्वयंपाक; मग साडेदहापर्यंत अभ्यास. यात रिकामा अर्धा तास कुठेच नाही. मात्र एस.टी.त जाऊन-येऊन पावणेदोन तास आणि स्टँडवर ताटकळण्यात रोजचा वीस-पंचवीस मिनिटे, असा वेळ निघाला. तो रिकामा नव्हे, पण मोकळा आहे. गर्दीत वही उघडता येत नाही, मात्र मन उघडता येते.

त्यावरून मी तीन खुंट्या ठरवल्या. खुंटी अशासाठी म्हणते, की जे काम रोज होणारच आहे त्याला प्रार्थना टांगून ठेवायची. निराळी वेळ शोधायची नाही.

पहिली खुंटी चुलीची. पहाटे जाळ घालण्याआधी एक स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना. पाच ते सात मिनिटे. येशूची याबाबतची आठवण मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे. आदल्या संध्याकाळी सारे गाव आजारी माणसे घेऊन दाराशी लोटले होते. तरी दुसऱ्या दिवशी तो मोठ्या पहाटे, अंधार असतानाच, उठून एकांतात प्रार्थनेला गेला. दिवस उजाडल्यावर लोक त्याला शोधतच आले. म्हणजे लोक उठण्याआधीची वेळ तेवढी आपली, हे त्यालाही ठाऊक होते.

दुसरी खुंटी एस.टी.ची. येथे पाच बोटांची रीत उपयोगी पडते. अंगठा आपल्या सर्वांत जवळचा, म्हणून घरच्यांसाठी. तर्जनी वाट दाखवणारी, म्हणून शिक्षकांसाठी. मधले बोट उंच, म्हणून सत्तेवर असलेल्यांसाठी. अनामिका दुबळी, म्हणून आजारी आणि अडलेल्यांसाठी. करंगळी शेवटी स्वतःसाठी. दांडी धरून उभे राहिले तरी दुसऱ्या हाताची बोटे मोकळी असतात. शेजारच्याला कळतही नाही.

तिसरी खुंटी अंथरुणाची. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाकडे मागे वळून पाहण्याची एक पद्धत घालून दिली. आज काय चांगले मिळाले त्याबद्दल आभार, कुठे चुकले ते पाहणे, क्षमा मागणे, आणि उद्यासाठी बळ मागणे. तीन-चार मिनिटे पुरतात. यात झोप लागली तर? पाळकसाहेबांना मी हे विचारले. ते हसून म्हणाले, ‘गेथशेमाने बागेत तर खुद्द शिष्य झोपले होते. प्रभू त्यांना काय म्हणाला ते वाचून पाहा.’ मी वाचले. त्याने त्यांना उठवले, पण देह अशक्त असतो हेही मान्य केले.

मन भटकते, ही दुसरी तक्रार. स्तोत्र वाचता वाचता फीची तारीख आठवते, कांद्याचा भाव आठवतो. यावर मला असे उमगले की जे आठवते ते ढकलून देण्यापेक्षा तेच देवापुढे मांडावे. कांद्याचा भाव हा आमच्या घरात प्रार्थनेचाच विषय आहे. मोबाइलबद्दल मात्र एकच सांगते. त्यात बायबल आहे हे खरे, पण त्यात इतरही सारे आहे. पहाटेच्या पाच मिनिटांत मी छापील पुस्तकच घेते.

आणखी एक गोष्ट. प्रार्थना ही अभ्यासाची जागा घेत नाही. न वाचलेल्या पेपरात देवाने गुण द्यावेत, हा सौदा झाला, प्रार्थना नव्हे.

आईचा वेळ

येथवर मी माझ्या वेळेविषयी लिहिले. पण हिशेबाची वही लिहिताना मी आईचाही दिवस मांडला, आणि तिथे माझी पेन्सिल थांबली. तिच्या दिवसात मोकळी खुंटीच नाही. एस.टी.त बसून राहण्याचीही सवड नाही. कांदा लागवडीत दिवसभर वाकून रोप लावायचे, घरी येऊन पुन्हा पाणी, सरपण आणि भाकरी.

लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरिया या दोन बहिणींची गोष्ट आहे. मरिया येशूच्या पायाशी ऐकत बसली, मार्था स्वयंपाकात गुंतली आणि कुरकुरली. मरियेने चांगला वाटा निवडला, असे येशू म्हणाला. यावरचे उपदेश मी लहानपणापासून ऐकले आहेत आणि त्यांत मार्थेला नेहमी बोल लागतो. पण मला वाटते, बाहेर बसलेल्यांपैकी दोघांनी उठून भाकरी थापल्या असत्या, पाणी आणले असते, तर मार्थाही बसली असती. घरातल्या बाईला प्रार्थनेला वेळ नाही, याचे कारण पुष्कळदा तिची श्रद्धा कमी असते हे नसून तिचे काम कोणी वाटून घेत नाही हे असते.

शास्त्राचा आधारही याच बाजूला आहे. दहा आज्ञांत विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आहे. अनुवादाच्या पुस्तकात ती देताना दास, दासी, बैल आणि गाढव यांनाही विसावा मिळावा असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे तो दिवस केवळ धन्याच्या भक्तीचा नसून राबणाऱ्याच्या हक्काचा आहे. रोमन बादशहा कॉन्स्टन्टाईन याने ३२१ साली रविवारची सुट्टी जाहीर केली, पण तीतून शेतीच्या कामाला मोकळीक दिली. पेरणीची वेळ टळू नये हा त्यामागचा विचार. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही त्यांच्या मागणीतला एक मुद्दा होता. आज आपण कॉलेजात जी रविवारची सुट्टी उपभोगतो तिच्यामागे असे श्रम आहेत. पण शेतमजूर बाईपर्यंत ती सुट्टी अजून पोहोचली नाही. आमच्या गावात मजुरांची सुट्टी बाजाराच्या दिवशी असते, रविवारी नव्हे. आईने रविवारी उपासनेला यायचे म्हणजे एक खाडा, आणि खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. लागवडीच्या दिवसांत आमची मंडळी म्हणूनच रविवारची उपासना सकाळी साडेसहाला घेते. पाळकसाहेबांनी हा बदल केला तेव्हा काही जुन्या लोकांना तो रुचला नाही. पण पहिल्याच रविवारी बायकांच्या बाजूला सतरंजी कमी पडली.

घरातही आम्ही बदल केला. दादा ज्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला असतो, त्या आठवड्यात सकाळचे पाणी तो भरतो. मी रात्रीची भांडी घेते. त्यामुळे आईला पहाटे दहा मिनिटे मिळतात. कुटुंबप्रार्थना आता दिवेलागणीला होत नाही, पहाटे पाचला होते. वडील रात्रपाळीहून आलेले नसले तर ते नसतात, पण बाकीचे असतो. शास्त्रपाठ मात्र आता मी वाचीत नाही, आई वाचते. चौथीनंतर तिने पुस्तक हाती धरले नव्हते. ती बोट ठेवून, जोडाक्षराशी थांबून वाचते. चार ओव्यांना पाच मिनिटे लागतात आणि साडेसहाची गाडी तर थांबत नाही. तरी आम्ही कोणी घाई करीत नाही. पुढच्या वर्षी शिक्षणासाठी मला बाहेरगावी राहावे लागले, तरी कोनाड्यातले पुस्तक आता बंद राहणार नाही, एवढी खात्री झाली आहे.

समारोप

माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर असे देता येईल, की सहा दिवसांचेही असते. पण ते घंटेने आपोआप होत नाही, घरातल्या माणसांनी मिळून करावे लागते. ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांनी तासाने करू नये, पाच मिनिटांनी करावी. वेळ नव्याने शोधू नये, रोजच्या ठरलेल्या कामाला जोडून घ्यावी. एक गीत किंवा एक स्तोत्र पाठ करून ठेवावे. दिवे गेले, पुस्तक हाताशी नसले, तरी ते आपल्याजवळ राहते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे, मागची बाकी काढत बसू नये.

आणि हे माझ्या सर्व धर्मांच्या वाचक बंधुभगिनींना सांगावेसे वाटते. कोणी पोथी वाचीत असेल, कोणी नमाज पढत असेल, कोणी बुद्धवंदना घेत असेल. आपण डोळे मिटून बसण्याआधी घरात एकदा पाहून घ्यावे, की आपण बसल्यामुळे कोणाला उभे राहावे लागत आहे. त्या माणसाच्या हातातली घागर आधी आपण घ्यावी. मग दोघांनी मिळून बसावे.